अडलं तेव्हा मराठीत

अप्पारावांनी लाल पेन उघडलं आणि तुळसीच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातल्या एका वाक्यावर आडवी रेघ मारली. तुळसी समोरच पाटावर बसली होती. करंट गेलेला, पंखा थांबलेला. पेन कागदावरून फिरल्याचा आवाज तिला नको इतका स्पष्ट ऐकू आला.

"बाकी सगळं बरं जाहलंय," ते म्हणाले. "एवढं गेलं की सही करतो."

सही आजच हवी होती. सोमवारी कॉलेजात लेक्चररच्या जागेची मुलाखत होती आणि मार्गदर्शकाच्या, म्हणजे अप्पारावांच्या, सहीचा प्रबंध हातात नसेल तर तिथं कोणी उभंही करणार नव्हतं. कुंभकोणमला अशी जागा पुन्हा कधी निघेल, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

प्रबंध मुलांच्या वाचनावर होता. काही मुलं शाळेत तमिळ, घरी मराठी बोलणारी. बाकीची घरीदारी तमिळच. सगळ्यांना तमिळातला एकच उतारा, तेच प्रश्न. मराठी घरातली मुलं बरीच पुढं निघाली. अप्पाराव या निकालावर फार खूश होते. तंजावरला आपल्या, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी लोकांच्या मेळाव्यात त्यांनी तो आधीच सांगून टाकला होता: दोन भाषांनी डोकं तल्लख होतं.

रेघ मारलेलं वाक्य साधंच होतं. तमिळ मुलांची चाचणी वर्गात घेतली. मराठी मुलं एकेका शाळेत दोन-तीनच, म्हणून त्यांची घरी घेतली, आणि मूल अडलं तेव्हा सूचना मराठीत पुन्हा सांगितली.

तुळसीनं ते ठरवून केलं नव्हतं. बाहेर ओट्यावर तमिळ बोलायचं आणि उंबरठा ओलांडला की मराठी, ही सवय तिला बोलायला लागल्यापासूनची. गाव चोळपुरम् असो की तिरुविडैमरुदूर, आत गेलं की कोणाची तरी आई कॉफी पुढं ठेवायची, मूल गप्प बसायचं, आणि तुळसीच्या तोंडून आपोआप मराठी यायची. आपण काय केलं ते तिला प्रकरण लिहायला बसल्यावरच कळलं.

"मामा, ते वाक्य राहू द्या," ती म्हणाली.

"राहिलं तर सगळ्या चाचण्या पुन्हा घेणं आलं. मग मला सही करता यायची नाही, आणि सोमवार गेला." त्यांनी चष्मा काढला. "उतारा मुलांनी तमिळातच वाचला ना? सूचना कुठल्या भाषेत दिली ते कोण पुसतंय?"

"निकाल त्याच्यावरच उभा असला तर?"

"तुला नोकरी हवी की नको, ते सांग."

हवी होती. तरी तुळसीनं प्रकरण बाजूला सारलं. मग तिनं पिशवीतून दुसरा कागद काढला. न वापरलेला उतारा होता.

"सरूला बोलवा."

सरू म्हणजे सरस्वती, अप्पारावांची नात. तिसरीत होती. तिचीही चाचणी तुळसीनं याच खोलीत घेतली होती आणि तिला भरपूर मार्क पडले होते. अप्पाराव हसले. नियम त्यांनीच घातला: या वेळी मराठीत एक शब्दही नाही.

सरू येऊन मांडी घालून बसली. होडीतून बाजाराला निघालेल्या शेळीची गोष्ट तिनं कुठं न अडखळता वाचली. मग तुळसीनं तमिळात सांगितलं, शेवटी काय झालं ते आधी सांग, मग सुरुवात.

सरूनं तिच्याकडे पाहिलं आणि मागं वळून दाराकडे बघितलं. कोण आलंय ते. या घरात आत बसून तमिळ बोलायचे ते परका माणूस आला तरच. दारात कोणीच नव्हतं. तिनं परकर गुडघ्यांवर ओढून घेतला.

तुळसीनं पुन्हा सांगितलं, तमिळातच. पोरगी आता आजोबांकडे बघायला लागली. खालचा ओठ दातांत धरलेला. अप्पारावांच्या पत्नी अंबामामी कॉफीचे पेले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. तुळसीच्या जिभेवर मराठी आली होती. ती तिनं गिळली. अप्पारावांची बोटं मांडीवर टकटक करत होती. थांबली. पुन्हा सुरू झाली.

"शेवटी काय जाहलं ते आधी सांग गं, राणी," अप्पाराव मराठीत म्हणाले.

सरूनं सांगितलं. शेळी हरवल्यापासून उलटं येत येत होडीत चढेपर्यंत सगळं, श्वासही न घेता.

अंबामामींनी पेले खाली ठेवले.

"धडाधडा सांगितली की. किती मार्क पडले गं, तुळसी?"

अप्पारावांनी प्रकरण पुढं ओढलं आणि खोडलेलं वाक्य समासात बारीक अक्षरात पुन्हा लिहून काढलं. मग पेनचं टोपण लावलं. सहीची जागा कोरीच होती. तुळसीनं ती पाहिली आणि कॉफी हातात घेतली.

"अहो, मार्क किती पडले म्हणते मी?"

"कोणत्या भाषेत पुसल्यावर?" अप्पारावांनी मान वर न करता विचारलं.