‘पटलं. मान्य.’

राजनंदिनीच्या पायाला चार दिवस भिंगरी लागली होती. पालघरहून बोईसर, बोईसरहून शेअर रिक्षा बदलत पालघरजवळचं किनाऱ्यावरचं माहीम, माहीमहून परत बोईसर. आणि शोधायचं कुणाला, तर एका बाईला! नाव ठाऊक नाही, चेहरा ठाऊक नाही. ठाऊक एवढंच की ती ‘माहीमकरीण’ या नावानं बोलीकोशावर लिहिते.

बोलीकोश म्हणजे इंटरनेटवरचा, लोकांनीच फुकटात चालवलेला शब्दकोश. कुणीही यावं, आपल्या गावचा शब्द घालावा. पगार नाही, साहेब नाही. नियम मात्र एक कडक: आपला शब्द आपणच पास करायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी वाद घालायचा आणि पटलं तरच ‘मान्य’ लिहायचं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं असं एकमतानं काम कसं करतात, यावर राजनंदिनीची पीएचडी चालली होती. तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा प्रफुल्ल आणि माहीमकरीण या जोडीवर उभा होता. काय भांडायचे दोघं! ‘भांग’ या एका शब्दावर तर सहा महिने. भरतीचं पाणी फारसं चढत नाही आणि ओहोटीला फारसं उतरत नाही, ते भांगाचे दिवस. या दिवसांत दर्या शांत असतो, असं प्रफुल्लनं लिहिलं. पाणी कमी चढलं म्हणजे दर्या शांत, हे कुणी सांगितलं, असं म्हणून माहीमकरीण हटून बसली. आणि मग एके दिवशी तिनं लिहिलं, ‘पटलं. मान्य.’ त्या दोन शब्दांवर राजनंदिनीनं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. सोमवारी प्रबंध द्यायचा, आणि मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं की दोघांच्या मुलाखती नसतील तर ते प्रकरण काढून टाक.

प्रफुल्ल मुलाखतीला एका पायावर तयार. पण माहीमकरणीचं नाव काढलं की त्याचं ततपप व्हायचं. ती गावी गेलीय, तिचा फोन बिघडलाय, ती लाजाळू आहे. लाजाळू म्हणे! शेवटी शनिवारी राजनंदिनी सरळ बोईसरजवळ सरावलीला त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

प्रफुल्ल मूळचा सांगलीकडचा, इथं कारखान्यात नोकरीला, आणि इकडचे शब्द टिपायचा नाद. त्याची बायको सुलू ओट्यापाशी बोंबील साफ करत होती. प्रफुल्ल बसला, उठला, गॅलरीत जाऊन आला, पुन्हा बसला. सुलू माहीमची आहे असं कळल्यावर राजनंदिनीनं तिला सहज विचारलं, तुमच्या गावात अशी कोण बाई आहे हो, जी भांगावरून एवढी झकास भांडली? आणि त्या भांडणातली चार वाक्यं तिनं म्हणून दाखवली.

सुलूचा हात थांबला. "ते तर मी याला बोललेली. इथंच, जेवताना."

मग सगळं बाहेर आलं. प्रफुल्ल जेवताना आपण कोशावर घातलेले शब्द वाचून दाखवायचा, सुलू त्याला झापायची, आणि तिचं झापणं तो दुसऱ्या नावानं टाइप करायचा. तिला पत्ताच नाही! राजनंदिनीच्या प्रबंधातली ती एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं म्हणे, एका ताटात जेवत होती! प्रफुल्ल काकुळतीला आला. इकडच्या बोलीचं दुसरं कुणी कोशावर येतच नाही, मग पास कोण करणार? वाद खरा होता मॅडम, नाव तेवढं खोटं.

बुडत्याला तेवढंच पुरे होतं. वाद खरा, एकमत खरं, माणसंही खरीच दोन. प्रकरणाचं नाव जरा बदललं की निभावेल, असा हिशेब राजनंदिनीनं मनातल्या मनात करूनही टाकला.

तेवढ्यात सुलूनं हात धुतले आणि प्रफुल्लचा फोन मागून घेतला. आपलंच बोलणं वाचताना आधी ती हसली. शेवटच्या ‘पटलं. मान्य.’पाशी आली आणि हसू गेलं.

"हे मी नाय बोलले."

शब्द किती दिवस अडकून पडला होता, प्रफुल्ल पुटपुटला, तू काही ऐकत नव्हतीस, कुणीतरी संपवायला हवं होतं.

"म्हणून माझ्या नावानं तूच हो बोललास? माझ्या बापाची होडी भांगातच उलटली. नशीब म्हणून वाचला. आणि मी लिवलंय, दर्या शांत असतो?" तिनं ती ओळ त्याच्यासमोर धरली. "मला अजून पटलेलं नाय."

सुलूनं फोन राजनंदिनीपुढं धरला आणि विचारलं, "नाय कुठं लिवायचं?"

संशोधकानं नुसतं बघायचं, मधे हात घालायचा नाही. त्या आडोशाला लपणं किती सोपं होतं! मला नाही माहीत म्हटलं असतं, तर प्रकरण वाचलं असतं आणि सोमवारही. शब्द ओठांवर आलेही होते. पण समोर डोळे पुसत उभी असलेली सुलू बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. या बाईच्या खोट्या होकारावर प्रफुल्लचं जितकं काम भागलं होतं, तितकंच तिचंही भागणार होतं.

तिनं बोट ठेवून जागा दाखवली.

सुलूनं एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘मला पटलं नाय.’ भांग कोशातून पुन्हा वादात गेला, आणि त्याच्यामागोमाग राजनंदिनीचं प्रकरण. तिला रडू येत होतं, आणि तरी चार दिवसांत पहिल्यांदाच तिला कुठं पळावंसं वाटत नव्हतं.

सुलूनं फोन नवऱ्याच्या हातात दिला.

"आता बोल," ती म्हणाली. "पण तुझ्या नावानं."