मागचा उजवा

मित्रांनो, गॅरेजच्या वरच्या फळीवर, ग्रीसच्या डब्यामागे जे काळं नळकांडं दिसतं ना, ते म्हणजे मी. एका जुन्या, दोन दरवाजांच्या स्पोर्ट्स गाडीचा मागचा उजवा शॉकअप.

माझ्या पोटात तेल आहे आणि त्यात एक दांडा वरखाली होतो. खड्डा आला की स्प्रिंग उड्या मारायला लागते, तिला आवरायचं काम माझं. हे काम चोख झालं तर आपण आहोत याचा कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे कौतुक फारसं वाट्याला आलं नाही, पण मला त्याचं काही वाटत नसे. मागचा डावा सोबत होता. बावीस वर्षं आम्ही एकाच रस्त्याचे धक्के मिळून खाल्ले.

गाडी काकांची. ते निवृत्त चित्रकला शिक्षक. शेजारच्या सीटवर नेहमी काकू. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी दर रविवारी पाठीला उशी लावून त्या तलावापर्यंत यायच्याच. खोटं कशाला बोलू, त्यांच्यासाठी मी जरा जास्तच जपून काम करायचो.

एके दिवशी डावा गळू लागला. गॅरेज चालवणाऱ्या ताईंनी वाकून पाहिलं आणि आम्हा दोघांनाही काढलं. माझ्यात काडीचाही बिघाड नव्हता. पण शॉकअप बदलायचे ते जोडीने, अशीच रीत आहे. एक नवा, एक जुना असले की गाडी एका अंगाने चालते. डावा भंगारात गेला आणि मी नमुना म्हणून फळीवर आलो.

नवे निवडताना काकांचा उत्साह काही विचारू नका. मासिकांतली कात्रणं घेऊनच आले. त्यांना शर्यतीच्या गाडीचे, कडक शॉकअप हवे होते. वळणावर गाडी तसूभरही कलायला नको, असा त्यांचा हट्ट.

ताईंनी विचारलं, "काका, गाडीत बसतं कोण?"

"मी," काका म्हणाले.

फळीवरून ओरडावंसं वाटलं मला. पण आम्हाला आवाज फुटतो तो बिघडल्यावरच.

महिन्याभराने काका परत आले ते तोंड पाडून. गाडी वळणावर झकास चालते, म्हणाले. मग हळूहळू सगळं सांगितलं. पहिल्या रविवारी काकू अर्ध्या वाटेत उतरून बाकावर बसल्या होत्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी तक्रार केली नाही, दारातूनच "तुम्ही जाऊन या" म्हणाल्या. तेव्हापासून शेजारच्या सीटवर नुसती उशी असते. जुनेच परत बसवता येतील का, असं त्यांनी विचारलं.

ताईंनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि दांडा दाबून सोडला. मी सावकाश, एका दमात वर आलो.

"हा अजून ठणठणीत आहे," त्या म्हणाल्या. "पण याचा जोडीदार गेला ना, काका. एकट्याला कुठे बसवू?"

मित्रांनो, जन्मभर धक्केच खाल्लेत मी, पण हा मला पेलला नाही.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मऊ मागवा. हिला सोसतील असे."

ताईंनी माझं माप घेतलं आणि तशीच नवी जोडी मागवली. आता दर रविवारी ती गाडी समोरच्या गतिरोधकावरून जाते. दोन्ही शॉकअप एकदमच दबतात, एकदमच उठतात. खिडकीतून काकू ताईंना हाक मारतात. मला फार बरं वाटतं. गाडी वळली की मात्र गॅरेज एकदम रिकामं होतं, आणि पुढचा रविवार लांब असतो.

म्हणून सांगतो, काहीही निवडताना आपल्या शेजारी कोण बसतं ते आधी आठवा. आणि कधी इकडे आलात तर डबा सरकवून मला एकदा दाबून बघा. मी अजून वर येतो.