पोटातले तीन फोटो

केसरने दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले, जोडी दोरीवर टाकली आणि हात पदराला पुसत दाराकडे वळली. दारात सत्यवती नर्स उभी होती. मुंबईहून रेवसपर्यंत लाँच, पुढे एसटी आणि थळच्या कोळीवाड्यापर्यंत चालत, असा सगळा रस्ता ती कागदांचे पाकीट छातीशी धरून आली होती.

साल १९५७. केसरची शकू जाऊन आठ महिने झाले होते. सहा वर्षांची पोर, मुंबईच्या इस्पितळात रक्ताच्या आजाराने गेली. अशी गेलेली मुले पोटात असताना त्यांच्या आयांना काय काय झाले होते, याची ते इस्पितळ आता घरोघर चौकशी करीत होते. सत्यवती त्यासाठीच आली होती. केसरला पुन्हा चौथा महिना लागला होता, हे मात्र तिच्या कागदावर नव्हते.

केसरचा नवरा धर्मा ओट्यावर जाळे सांधत होता. त्याने ते बाजूला सारून पाट मांडला आणि सगळी उत्तरे स्वतःच द्यायला घेतली. ताप आला होता का, देवी आल्या होत्या का, कुठली औषधे घेतली. सगळ्याला नाही.

"पोटात असताना एक्स-रे काढला होता?"

धर्माचा चेहरा उजळला. शकू गेल्यापासून जो तो त्याला काय चुकले तेच विचारीत होता. आज कुणीतरी त्याने काय केले ते विचारले.

"तीन येळा," तो म्हणाला. "लिवा बाय. आदीची दोन पोरं पोटातच गेली व्हती. डाक्टर म्हने, एकदा बघितला, बस झाला. मंग मीच हिला शिकवला, पोर हालत न्हाय म्हनून सांग. त्यो फोटो उजेडावर धरून दाखवायचा. डोकं, मनके, बोटं पन. मना बरा वाटायचा."

सत्यवतीचे पेन थांबले. मग तिने तीनचा आकडा लिहिला, एका आकड्याला लागतो त्याहून बराच वेळ घेऊन. धर्माला ते दिसले नाही. केसरला दिसले.

"ह्या येळेलाबी नेनार हाय," धर्मा म्हणाला. "बुधवारी."

सत्यवती निघाली तेव्हा केसर तिला पोचवायला वळणापर्यंत गेली.

"त्यो फोटो वाईट आसतो का बाय?"

"अजून नक्की कुणालाच ठाऊक नाही. विलायतेतल्या काही डॉक्टरांना शंका आली आहे. म्हणून तर आम्ही विचारत फिरतोय."

"तुमच्या पोटात पोर आसतं तं?"

"नसता काढला." मग सत्यवती घराकडे परत फिरली. "थांबा, त्यांना मीच नीट समजावते."

केसरने तिचे मनगट धरले. "नको. त्येला ह्ये कळला तं त्यो दर्यावरून परत यायचा न्हाय."

"मग बुधवारी काय कराल?"

"बघीन मी."

बुधवारी धर्मा धुतलेला सदरा घालून ओट्यावर उभा राहिला. केसर आतून बाहेर आली ती रोजच्याच लुगड्यात.

"मी न्हाय येत."

"बरा वाटत न्हाय? मंग तं जायलाच पायजे."

"बरी हाय मी."

"भ्या वाटतं?"

"न्हाय."

तीन दिवस तिने कारण शोधले होते. आजारी म्हणावे तर तो तिला उचलून डॉक्टरकडे नेईल, भीती म्हणावी तर कशाची ते विचारील. शकूकडे बोट जाणार नाही असे एकच कारण उरले होते आणि ते तोंडाबाहेर काढताना तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

"मना कंटाला आलाय."

धर्मा तिच्याकडे बघतच राहिला. "शकूच्या येळेला उन्हातून चालत आलीस. एकदा बोलली न्हाईस. ह्या पोराची माया न्हाय तुला?"

"न्हाय," केसर म्हणाली.

तो खाली बसला. धुतलेल्या सदऱ्याची बटणे त्याने एकेक करून काढली. तो ओरडेल, हात उगारील, या तयारीने ती उभी होती.

"आसू दे," तो हळूच म्हणाला. "येक पोर गेलं का आईचं असं व्हतं. तुज्या वाटची माया मीच करीन."