खालच्या कोपऱ्यातला करपा

अठरा वर्षं त्या घरच्या बटाट्यावर फवारणी कधी करायची, हे थोरली सून ठरवत होती. सकाळी बांधावर उभी राहून ती आभाळ बघायची, दोन-चार पानं उलटायची आणि सांगायची, आज की उद्या. तीस एकराचा माल वेफर्सच्या कारखान्याला जायचा. एकही गाडी कधी परत आली नव्हती.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं. धाकटी पिकांच्या रोगांवर शिकून आलेली. पुढच्याच हंगामात सासऱ्यांनी जेवता जेवता, मीठ मागावं इतक्या सहज, सांगून टाकलं की यंदापासून फवारणीचं धाकटी बघेल. थोरलीने मान हलवली आणि अर्धं ताट ठेवून ती उठली.

धाकटीने शेतात पाऊस मोजायची नळी रोवली, नोंदींसाठी वही घातली. औषध पाऊस यायच्या आधी पडलं पाहिजे, धुऊन गेलं तर पुन्हा मारलं पाहिजे, असं ती कामावरच्या बायांना हसत समजावायची. महिनाभरात बाया तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागल्या. ती हाक ऐकली की थोरलीच्या अंगाची लाहीलाही व्हायची. तिला अठरा वर्षांत कुणी काहीच म्हटलं नव्हतं.

पीक ऐन भरात असताना पावसाने ठाण मांडलं. पानं दुपारीसुद्धा वाळेनात. चौथ्या दिवशी थोरली चरातलं तुंबलेलं पाणी काढायला खालच्या कोपऱ्यात गेली आणि सवयीने तिने एक पान उलटलं. कडेला काळपट, तेलकट डाग, पाठीमागे त्याच्याभोवती पिठासारखी पांढरी बुरशी. करपा आला होता.

आधी ती घाबरली. आणि लगेच, स्वतःचीच लाज वाटावी इतकं, बरं वाटलं. पान मुठीत चुरगळून ती घरी आली. संध्याकाळी धाकटी सासऱ्यांना सांगत होती की अजून कुठे डाग दिसलेला नाही. थोरली भांडी पुसत ऐकत राहिली. एक दिवस जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं, कळू दे जरा हिलाही. दुसऱ्या दिवशीही तिने मनाशी तेच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी धाकटीला तो कोपरा दिसला, तेव्हा अंगणाएवढा तुकडा काळा पडून वास मारत होता. ती रडली नाही, घाबरलीही नाही. तिने आजूबाजूच्या चांगल्या झाडांसकट तो तुकडा उपटून, पोत्यांत भरून पुरायला लावला. दुपारी पाऊस चार तास उघडला, तेवढ्यात पानात भिनणारं औषध सगळ्या शेतावर मारून घेतलं. ट्रॅक्टर चिखलात रुतत होता म्हणून बायांनी पाठीवर पंप घेतले. थोरलीनेही घेतला.

सासऱ्यांनी विचारलं, हे इथे शिरलं कसं. धाकटी म्हणाली की तिकडे फेरी मारायची आपल्याकडूनच राहून गेली होती. सासरे तिला लागतील असे चार शब्द बोलले. ते ऐकायची थोरलीने किती वाट पाहिली होती, पण आता तिला तिथे उभं राहवेना.

ती शेडच्या मागे गेली. तिथे गेल्या साली तिनेच टाकायला लावलेल्या सडक्या बटाट्यांचा ढीग होता, कोंब फुटलेला. त्याच्यावर ताजी माती ओढलेली होती. सडक्या बटाट्यात करपा टिकून राहतो आणि कोंबांबरोबर वर येतो; तो कुठून आला हे तिला एका क्षणात कळलं. धाकटी मागून खोरं घेऊन आली.

“तुला माहीत होतं,” थोरली म्हणाली. “मग बाबांना का नाही सांगितलंस?”

“ढीग मलाही महिनाभर दिसत होता, ताई. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही माझ्याशी बोलता कुठे?”

थोरलीला गप्प राहता आलं असतं. “डाग मला परवाच दिसला होता,” ती म्हणाली.

धाकटीने खोरं जमिनीला टेकवलं. “दोन दिवस? आणि मी रोज संध्याकाळी तुमच्यासमोर वही वाचत होते.” ती खोरं तिथेच टाकून निघून गेली. आठवडाभर दोघींमध्ये कामापुरतेच शब्द होते.

करपा आणखी दीड एकरात पसरला. तिथला पाला कापून काढावा लागला, म्हणजे रोग बटाट्यापर्यंत उतरू नये. बाकीचं शेत तगलं. धाकटीने मग वहीत एक रकाना वाढवला आणि थोरलीकडे न बघता सांगितलं की सखल भागाची सकाळची फेरी ताईंची, त्यांना डाग माझ्याआधी दिसतो. थोरली रोज जाऊ लागली, आणि दिसलं ते त्याच क्षणी सांगू लागली.

काढणीच्या दिवशी कारखान्याच्या माणसाने बटाटे कापून बघितले. आत डाग नव्हता. सासऱ्यांनी सगळ्यांदेखत धाकटीची पाठ थोपटली. थोरलीला पुन्हा तितकंच लागलं, काही कमी नाही. तिने पुढची पाटी ओढली आणि खराब माल वेगळा काढत बसली.