नऊ व्होल्ट, मायनस आत

दृष्टिहीनांच्या वाचनालयासाठी ती पुस्तकं ध्वनिमुद्रित करायची. वाचणाऱ्यांच्या घरी जायचं, समोर रेकॉर्डर ठेवायचा, कानांवर हेडफोन चढवायचे आणि चुका टिपत बसायचं. वाचनालयाचं यंत्र बिघडलं तेव्हा तिने कपाटातला स्वतःचा जुना रेकॉर्डर बाहेर काढला. चालत होता, पण बॅटरीवर जेमतेम वीस मिनिटं. ॲडॅप्टर मात्र घरात नव्हता. घटस्फोटानंतर सामानाची वाटणी झाली, त्यात वायरींचं खोकं नवऱ्याकडे गेलं होतं.

दोन दुकानदारांनी हात वर केले. तिसरं दुकान जिन्याखाली, भिंगवाल्या काकांचं. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय ते गिऱ्हाइकाशी बोलतसुद्धा नसत, म्हणून हे नाव. त्यांनी रेकॉर्डर उलटा केला. मागची अक्षरं पिशवीत घासून घासून पुसली गेली होती. पिन बसेल असे चार ॲडॅप्टर त्यांच्याकडे होते, पण एकही त्यांनी लावू दिला नाही. कशाच्या पिनेत प्लस आत असतो, कशाच्या बाहेर; उलटा लागला तर यंत्र कायमचं जाईल, असं त्यांनी समजावलं.

“जुना ॲडॅप्टर आहे ना कुणाकडे तरी? मग त्यावर काय छापलंय तेवढं विचारून घ्या,” ते म्हणाले. “एका फोनचं तर काम आहे, ताई.”

तो एक फोन तिने दीड वर्ष टाळला होता. दुकानाच्या पायरीवर उभं राहून तिने नंबर लावला. उचलला त्याच्या नव्या बायकोने. तो अंघोळीला गेला होता. तिने आपण कोण ते सांगितलं. पलीकडून “बोला ना, ताई,” असं इतक्या साधेपणाने आलं की रागवायलाही जागा उरली नाही.

तिने रेकॉर्डरच्या ॲडॅप्टरचं विचारलं. त्या बाईला शोधावं लागलं नाही. ॲडॅप्टर समोरच भिंतीत लावलेला होता. तिने तो काढून अंक वाचून दाखवले: नऊ व्होल्ट, मायनस आत. मग ओशाळून म्हणाली, “पाठवलाच असता हो, पण पाळण्यावरचं फिरतं खेळणं त्याच्यावरच चालतं. ह्यांनीच जोडून दिलंय. थांबलं की रडते ती.”

मागे खरंच रडणं सुरू झालं होतं.

“राहू दे, राहू दे. लावा तो परत,” ती म्हणाली. “किती महिन्यांची आहे?”

“पाच.”

मूल नको, हा हट्ट त्याचा होता. अकरा वर्षं तिने तो आपलाच मानला होता, आईची बोलणी खाल्ली होती, नणंदेला समजावलं होतं.

आत येऊन तिने काकांना अंक सांगितले. त्यांनी मीटरवर तपासून एक ॲडॅप्टर दिला. लाल दिवा लागला. पाणी हवं का, असं त्यांनी विचारलं. ती नको म्हणाली.

संध्याकाळी निवृत्त मुख्याध्यापिकाबाई वाचायला बसल्या. आवाजात घरघर नाही, काही नाही. पान उलटलेलंही स्वच्छ ऐकू येत होतं. चौथ्या पानावर त्या थांबल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

“अगं, हे मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल चाललंय,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यात रडण्यासारखं काय आहे?”

बाईंनी पुस्तक मिटलं, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि तिथेच बसून राहिल्या. यंत्र बंद करायचं दोघींनाही सुचलं नाही.