घट्ट पाणीपुरी

पद्मजाबाईंनी चमचाभर दुधीचं सूप तोंडात घेतलं, क्षणभर धरलं आणि सरळ गोपाळकृष्णांच्या शर्टावर सोडून दिलं.

"वा! सकाळपासूनचा हा दुसरा," ते म्हणाले. "तिसरा काढून ठेवू, का यावरच भागवायचं?"

पद्मजाबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दिवसभर त्यांना सांभाळायला वारज्याहून येणाऱ्या सोजरबाईंनी ओला रुमाल पुढे केला.

"काका, ऱ्हाऊ द्या आता. न्हाय घेत त्या."

"राहू द्या म्हणून कसं चालेल? सोमवारी डॉक्टर काय म्हणणारेत ते ठाऊक आहे ना?"

ठाऊक तिघांनाही होतं. पोटात पुरेसं गेलं नाही तर नाकातून नळी. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा दवाखान्यात ती एकदा घालून झाली होती. पद्मजाबाईंनी शाबूत राहिलेल्या डाव्या हाताने ती ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढली. शेवटी त्यांचा तो हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधावा लागला. बांधलेल्या हाताची बोटं चादरीवर काहीतरी चाचपत राहिली आणि गोपाळकृष्ण शेजारच्या खुर्चीत बसून ती बघत राहिले. दुसरं करणार काय? पण ते पुन्हा बघायची ताकद आता त्यांच्यात नव्हती. थकले होते हो. कंबर, डोळे, जीभ, सगळंच थकलं होतं. जिभेचा तिरकसपणा तेवढा शिल्लक होता, तो पुण्याच्या माणसाचा चितेबरोबरच जातो.

"अगं पद्मा," त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "खिमट नको, सूप नको, सत्त्व नको. मग हवंय तरी काय तुला? सांग ना एकदा. जे म्हणशील ते देतो."

पद्मजाबाईंनी मान वळवली. झटक्यानंतर शब्द त्यांच्याकडे असे यायचे की जणू लांबून चालत येताहेत. ओठ वाकडे झाले, गळ्याची शीर ताणली गेली.

"पा... णी... पुरी."

"काय?"

"पाणीपुरी," त्या म्हणाल्या. या वेळी अगदी स्वच्छ.

सोजरबाई पदराआड हसल्या. गोपाळकृष्णांना मात्र हसू येईना. नोकरीभर त्यांनी कचेरीत बसून पाण्याच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. त्यामुळे दुसऱ्याच्या हंड्यातल्या पाण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. शाळा सुटली की पद्मजाबाई आणि त्यांच्याच शाळेत शिकवणाऱ्या कुसुम जोशी कोथरूडच्या कोपऱ्यावरच्या ठेल्याशी उभ्या राहायच्या. गोपाळकृष्ण रस्त्यापलीकडे स्कूटरला टेकून, कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा चेहरा करून. "हवं तर घरी करत जा," असं फर्मान त्यांनी लग्नानंतर लगेचच काढलं होतं. पद्मजाबाईंनी घरी केलीही. पाणी उकळून, पुदिना तीनतीनदा धुऊन, वाटाणे सोलून. सगळं झालं की स्वतः एक खायच्या आणि म्हणायच्या, "घरची पाणीपुरी म्हणजे आंघोळ घालून शाळेत पाठवलेली पाणीपुरी." आणि शनिवारी पुन्हा ठेल्यावर.

आता करणार कोण? करणारी पलंगावर. गोपाळकृष्णांनी जन्मात चहापलीकडे मजल मारली नव्हती. आधी त्यांनी वासंतीला फोन लावला. ती पद्मजाबाईंना गिळण्याचे व्यायाम शिकवायला यायची.

"पाणीपुरी?" वासंती हसली आणि मग तिचा आवाज एकदम गंभीर झाला. "काका, पाणी अजिबात नाही हं. पातळ काही दिलंत तर ठसका लागून छातीत उतरेल. आणि कुरकुरीत तर मुळीच नको. सगळं एकजीव वाटा, पिठल्याइतकं घट्ट करा, नीट बसवून अर्धा अर्धा चमचा द्या."

"म्हणजे पाणीपुरीतलं पाणी काढायचं आणि पुरीही काढायची," फोन ठेवून गोपाळकृष्ण म्हणाले. "राहिलं काय? नाव."

पण लागले कामाला. सोजरबाईंनी वाटाणे कुकरला लावले, बटाटे उकडले. गोपाळकृष्ण स्वतः जाऊन पुरीचं पाकीट घेऊन आले आणि ओट्याशी उभे राहून पुदिना निवडायला लागले. निवडताना पानं कुठली नि काड्या कुठल्या हे समजायलाच त्यांना वेळ लागला. मिक्सरमध्ये पुदिना, कोथिंबीर, आलं, मिरच्या, चिंचेचा कोळ, काळं मीठ. बोट बुडवून चाटलं तर मिरची थेट कानात गेली. आणि इथे त्यांचा हात आपोआप डाव्या बाजूच्या डब्याकडे वळला. या घरात आमटीत गूळ, भाजीत गूळ, चटणीतही गूळ. तिखट लागलं की गूळ, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बारशालाच कानात सांगितलेलं असावं. त्यांनी लिंबाएवढा खडा टाकला.

"अगं बया! काका, तिखट पान्यात गूळ?"

"उतरायला नको का मिरची? आजारी माणूस आहे."

"आमच्याकडं चहात बी एवढा न्हाय घालत," सोजरबाई पुटपुटल्या आणि चाळणी घासायला लागल्या.

पाणी, वाटाणे, बटाटा, पुऱ्या, सगळं वाटून, चाळणीतून घासून काढलं. वाटीत हिरवट लगदा पडला. दिसायला रंगाआधी भिंतीला लावायच्या लांबीसारखा. सोजरबाईंनी उशा लावून पद्मजाबाईंना बसतं केलं. गोपाळकृष्णांनी अर्धा चमचा पुढे धरला.

पद्मजाबाईंनी घास घेतला. जिभेवर फिरवला. नवऱ्याकडे एकदा बघितलं. आणि बाहेर टाकला.

दुपारभर ओट्याशी उभं राहून गोपाळकृष्णांच्या पोटऱ्यांना गोळे आले होते. त्यांचा तोल गेला.

"मग जा!" ते ओरडले. "जा ठेल्यावर आपल्या पायांनी! मी काय गाडा लावलाय इथे? घालू देत नळी, बांधू देत हात! मला नाही होत आता. नाही होत!"

पद्मजाबाईंचा चेहरा एका बाजूनेच रडला. दुसरी बाजू तशीच थिजलेली होती. गोपाळकृष्णांनी ते बघितलं मात्र, त्यांच्या अंगातलं अवसानच गेलं. ते स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसले आणि डोळ्यांवर पंचा धरून रडले. लाज वाटत होती, तरी रडू थांबेना. काय बोललो हे? कुणाला बोललो? जिने जन्मभर आपल्या तोंडाची चव सांभाळली तिला?

सोजरबाई मागून आल्या. त्यांनी पाण्याचं भांडं पुढे ठेवलं.

"काका, तुमी बी मानूस हाय. व्हतंय असं. माज्या सासूचं चार सालं केलं म्या. तिला म्या काय काय बोलली, ते देवालाच ठाव."

"ती चिडलीय माझ्यावर."

"तुमच्यावर न्हाय. गुळावर."

गोपाळकृष्णांनी पंचा खाली घेतला. वाटीतलं बोटावर घेऊन चाखलं. कोथिंबिरीची बासुंदी झाली होती. त्यांना रडता रडता हसू फुटलं, आणि मग पुन्हा रडू.

"परत करू," ते उठले. "पुदिना आहे ना?"

"हाय की."

या वेळी गुळाचा डबा सोजरबाईंनी कपाटात आत सरकवला. मिरच्या वाढवल्या, काळं मीठ वाढवलं, चिंच आंबटढाण ठेवली. गोपाळकृष्ण खाली वाकून चाळणीतून लगदा घासत राहिले. मनगट दुखायला लागलं तसा हात बदलला. उन्हं कलून पलंगावर आली तेव्हा ते पुन्हा वाटी घेऊन बसले.

"पद्मा, मघाशी बोललो ते..." पुढचं त्यांना जमेना. "हे बघ, यात गूळ नाहीये."

अर्धा चमचा. पद्मजाबाईंनी घास तोंडात धरला. त्यांच्या कपाळावर आठी आली, नाकाचा शेंडा लाल झाला, डोळ्यांत पाणी तरारलं. गळा हलला. एक बारीकसा खोकला आला. गोपाळकृष्ण अर्धे उठले. पण नाही, ठसका नव्हता. घास गेला होता. पद्मजाबाई नाकाने सूं सूं करत होत्या आणि त्यांचं तोंड उघडं होतं. पुढच्या घासासाठी, आपणहून.

"देवा रे," गोपाळकृष्ण म्हणाले. देवाचं नाव ते एरवी घेत नसत.

मध्ये मध्ये थांबत, तोंड पुसत, वाटी खरवडून संपली. किती दिवसांनी एवढं पोटात गेलं होतं! सोजरबाईंनी आनंदाने उशी थोपटली. गोपाळकृष्ण वाटी उचलायला लागले, तर पद्मजाबाईंनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि तळवा पसरून त्यांच्यापुढे धरला.

"काय हवंय? रुमाल?"

हात तसाच.

"काका," सोजरबाई म्हणाल्या, "सुकी मागत्यात. गाडीवर शेवटाला देत्यात न्हाय का, फुकटातली? ती."

गोपाळकृष्णांना हे ठाऊकच नव्हतं. रस्त्यापलीकडून ते दिसलं नव्हतं कधी. ते आत गेले. पाकिटातली एक अख्खी पुरी घेतली, फोडली, बटाटा भरला, वर मीठ-तिखट. कुरकुरीत तर मुळीच नको, हे कानात वाजत होतं. तरी त्यांनी ती आणून पद्मजाबाईंच्या तळव्यावर ठेवली. मागणाऱ्या हाताला नाही म्हणणं त्यांना त्या दिवशी शक्य नव्हतं.

पद्मजाबाई पुरीकडे बघत राहिल्या. पुरी तोंडापर्यंत नेली, ओठांना टेकवली. मग त्यांनी ती खाली घेतली आणि नवऱ्याचा हात ओढून त्यात अलगद ठेवली.

"उद्या," त्या म्हणाल्या.

गोपाळकृष्ण ती पुरी दोन्ही हातांनी धरून स्वयंपाकघरात आले. एक लहान डबा शोधला, फडक्याने आतून पुसला आणि पुरी त्यात ठेवली.

"मऊ पडंल ती उद्यापत्तुर," दारातून सोजरबाई म्हणाल्या.

"पडू दे," ते म्हणाले. "मऊच लागते तिला."

आणि झाकण दाबून बसवलं.