वाळूतली नोएमी

कॉफी सोलायची यंत्रं बनवणारा आंतिओकिया प्रांतातला तो कारखाना भंगारात निघाला, तेव्हा म्हातारी ओतिलिया काठी टेकत आली. ओताऱ्याला मूल झालं की पुढच्या चाकावर त्याचं नाव ओतायची इथली रीत. तिचा नवरा इथलाच ओतारी; मुलगी झाल्याच्या आनंदाच्या भरात त्यानं साच्याच्या वाळूत 'नोएमी' हे तिचं नाव उलटं कोरायचं सोडून सरळच कोरलं. लोखंडात उलटं उतरलं. सगळे हसले. ते चाक तसंच पडून राहिलं. पोर आठवडाभरात गेली.

"आजी, चाक नेऊन चुलीवर ठेवणार का?" ती त्या चाकापाशी थांबलेली पाहून भंगारवाला म्हणाला.

"नेत नाही रे मेल्या! वितळवायच्या आधी दारातल्या त्या ओल्या वाळूत एकदा टेकव."

त्यानं टेकवून उचललं. वाळूत नाव सुलट उमटलं होतं. चाक घेऊन भंगाराचा ट्रक गेला, तरी वाळू सुकून अक्षरं ढासळेपर्यंत ओतिलिया तिथेच बसून राहिली.